दोनशेची डाळ, पस्तीसची तूर

आमचे काका फोन केला की तब्येतपाणी नंतर विचारतात, आधी विचारतात "तिकडं डाळ काय किलोय रे?" त्यांची जमीन लातूरच्या औसा तालुक्यात, कोरडवाहू, सोयाबीनमध्ये तूर. मी पुण्यात, कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा-अर्धा किलो डाळ आणणारा. म्हणजे एकाच धंद्याची दोन टोकं एका फोनवर, आणि मधलं सगळं काय चालतं ते दोघांनाही नीट माहीत नसायचं.

२०१५ च्या दसऱ्याच्या सुमाराला मी त्यांना सांगितलं "दोनशे". ते हसलेच. घरात खायला पण विकत आणावी लागतेय, भाव घेऊन काय चाटायचाय का म्हणाले. त्यानंतर साधारण सोळा महिन्यांनी, २०१७ च्या फेब्रुवारीत, त्यांच्या ओसरीत तुरीचे कट्टे छताला टेकले होते आणि बाजारात क्विंटलला साडेतीन-चार हजार मिळत होते, म्हणजे किलोला पस्तीस-चाळीस रुपये. हमीभाव तेव्हा बोनस धरून ५,०५० होता. माणसं तीच, जमीन तीच, खाणारे पण तेवढेच, मग दीड वर्षाच्या आत एवढा झोका कसा बसतो? "व्यापाऱ्यांनी साठा केला" हे उत्तर आपल्याकडे तयार असतं आणि ते पूर्ण खोटं पण नाही, पण त्यात अर्धी गोष्ट राहून जाते, ती अर्धी सांगायला बसलोय.

आधी खाणाऱ्याकडून बघू. मागणी म्हटलं की आपल्याला वाटतं भाव वाढला की लोक कमी घेतात, भाव पडला की जास्त घेतात. मोबाइलला, शर्टाला हे लागू आहे. वरणाला जवळजवळ नाही. भाव पडला म्हणून कुणी दोन वाट्यांच्या जागी पाच वाट्या वरण पीत नाही, आणि भाव वाढला म्हणून लगेच बंद पण होत नाही, पोरं मागतात, डब्यात द्यायचं असतं, म्हाताऱ्या माणसाला दुसरं काही पचत नाही. देशाला आताशा वर्षाला साधारण ४५ लाख टनांच्या आसपास तूर लागते आणि हा आकडा भावाप्रमाणे फारसा हलत नाही.

हलतो तो कुठे हलतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. २०१५ ला मी मेसला जेवायचो. मेसच्या मावशींनी डब्याचे पैसे वाढवले नाहीत, त्यांनी वरण पातळ केलं. आधी मुद घातली की वरण भातावर थांबायचं, मग ते ताटभर पळायला लागलं, मग एक दिवस त्याचा रंग बदलला, लालसर झाला, म्हणजे मसूर मिसळायला सुरुवात झाली होती. दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा कढी. आता पुस्तकी भाषेत याला म्हणतात "वाढलेल्या भावाने मागणी पुरवठ्याइतकी खाली आली". ऐकायला किती स्वच्छ वाटतं. प्रत्यक्षात खाली येते ती ज्याच्या खिशात कमी त्याच्या ताटातून, ज्याचा पगार बरा तो कुरकुर करत दोनशेने पण घेतोच, त्याची वाटी तेवढीच राहते.

आता पिकवणाऱ्याकडून. आमच्याकडे म्हणजे मराठवाडा-विदर्भात तूर हे एकटं पीक फार कमी लोक घेतात, ती सोयाबीनमध्ये नाहीतर कापसात असते, चार ओळी सोयाबीन मग एक-दोन ओळी तूर असं. सोयाबीन दिवाळीला घरात येतं आणि त्यावर उधारी फिटते, तूर उभी राहते ती डिसेंबर-जानेवारीपर्यंत. आमची आज्जी म्हणायची सोयाबीन दुकानदाराचं, तूर आपली. खतपाणी सगळं सोयाबीनच्या नावाने होतं आणि तूर त्यातलंच थोडंफार खाऊन वाढते, मुळांवरच्या गाठीतून हवेतला नत्र जमिनीला देते, पाला गळून खत होतं, शेवटी तुराट्या सुद्धा चुलीला आणि कुडाला लागतात. गुणी पीक, पण घरातल्या गुणी पोरासारखं, लक्ष कुणाचं नाही. देशातलं सरासरी उत्पादन हेक्टरी सात ते नऊ क्विंटलच्या आसपास कित्येक वर्षं घुटमळतंय. गहू-तांदळाला पाणी मिळालं, वाण मिळाले, सरकारी खरेदीची हमी मिळाली, तुरीला हलकी रानं आणि आभाळ. फुलोऱ्यात ढगाळ वातावरण पडलं की अळी, उभ्या झाडाला मर रोग, नोव्हेंबरात एखादा अवकाळी पाऊस, आणि हातातलं गेलं.

पण भावाच्या गोष्टीत यापेक्षा मोठी गोष्ट ही की तूर लावायची का नाही हे जूनमध्ये ठरतं आणि माल जानेवारीत येतो. कारखानदाराला मागणी वाढली तर तो दुसरी पाळी लावतो. ऑक्टोबरमध्ये डाळ दोनशे झाली म्हणून काका ऑक्टोबरमध्ये काहीही करू शकत नाहीत, रानात जे उभं आहे ते आहे. वर्षातून एकदाच उत्तर द्यायचं आणि ते पण आठ महिने आधी, प्रश्न काय येणार हे माहीत नसताना.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवा. खाणारा हटत नाही आणि पिकवणारा मधेच वाढवू शकत नाही. अशा ठिकाणी थोडीशी तूट पडली तरी भाव थोडासा वाढत नाही, तो उडी मारतो. २०१४-१५ ला देशात तूर झाली २८ लाख टनांच्या आसपास, २०१५-१६ ला साडेपंचवीस लाख टन. म्हणजे घट दहा टक्क्यांच्या आतच आहे. पण भाव? वर्षभरापूर्वी जी डाळ ऐंशीच्या आसपास होती ती दोनशे. दहा जणांच्या पंगतीत नऊच पानं वाढली तर प्रत्येकाच्या पोटाला दहावा हिस्सा कमी येईल असं गणित सांगतं, पण प्रत्यक्षात दहाही जण धावतात आणि शेवटच्या पानासाठी जी ओढाताण होते त्यावरून सगळ्या पानांची किंमत ठरते. बाजारात पण असंच, भाव सगळ्या मालाचा ठरतो पण तो ठरवतो शेवटचा तुटलेला हिस्सा.

त्यात ती दोन वर्षं सलग दुष्काळाची होती हे विसरू नका. २०१४ आणि २०१५, दोन्ही मान्सून तुटीचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं ते अनेकांना आठवत असेल. ज्या शहरात डाळ मिलची रांग आहे, अर्ध्या महाराष्ट्राची डाळ जिथून जाते, तिथे प्यायला पाणी गाडीने येत होतं.

मग बाहेरून का आणत नाही? आणतो की. पण तूर म्हणजे पामतेल नाही. पामतेलाचा जगात मोठा बाजार आहे, आपण गेलो काय नि न गेलो काय, माल असतो. तूर मात्र जगात पिकवणारे आणि खाणारे दोन्ही मुख्यतः आपणच. बाकी म्यानमार, आणि आफ्रिकेच्या पूर्वेकडचे मोझांबिक, टांझानिया, मलावी वगैरे, आणि यातले बरेचसे ती पिकवतात ते आपल्याला विकायलाच, म्यानमारमध्ये तुरीचं वरण करून कोण खातंय. म्हणजे आपल्याकडे दुष्काळ पडला आणि आपण पिशवी घेऊन निघालो की तिकडच्या लोकांना टीव्हीवर आधीच कळलेलं असतं, आपण पोचायच्या आत भाव चढलेला. आणि माल किती? २०१५-१६ ला चार-साडेचार लाख टन मिळाला. २०१६ च्या जुलैत पंतप्रधान मोझांबिकला गेले तेव्हा सरकार ते सरकार डाळ घेण्याचा करार झाला, पहिल्या वर्षी एक लाख टन आणि पाच वर्षांत दोन लाखांपर्यंत. आपल्या एवढ्या मोठ्या भुकेत एक-दोन लाख म्हणजे कळशीत फुलपात्र, पण त्याने वचन दिलं गेलं आणि ते वचन नंतर कसं अडचणीचं झालं ते पुढे येतंच.

मधेच एक हिशोब सांगून घेतो, कारण यावरून काका आणि माझी कायम जुंपते. ते म्हणतात मी शंभरने तूर दिली आणि तू एकशेसाठने डाळ घेतलीस, मधले साठ कुणी खाल्ले. तर ते सगळे कुणी खाल्ले नाहीत. मिलमध्ये तूर गेली की आधी चाळण, मग दाण्याला थोडं ओरखडून तेलाचा हात, मग गच्चीवर उन्हात वाळवण, परत रोलर, तेव्हा कुठे साल सुटतं आणि दाणा फुटतो. लातूरला उन्हाळ्यात मिलच्या गच्च्या बघा, पिवळ्याधमक दिसतात, माणसं अनवाणी पायाने तूर उलथत असतात. या सगळ्यातून शंभर किलो तुरीची डाळ निघते सत्तर ते पंचाहत्तर किलो, बाकी चुणी आणि टरफल, ते जनावराला जातं आणि त्याचे पैसे थोडेच. म्हणजे तूर शंभर रुपये किलो असेल तर डाळीचा नुसता कच्चा माल एकशेचाळीसच्या जवळ गेला, वर मिलचा खर्च, बारदाना, गाडीभाडं, होलसेलवाला, दुकानदार. त्यात कुणी हात मारत नाही असं नाही, टंचाईच्या वर्षी सगळ्यांचा हात जरा सैल होतो, पण साठातले चाळीस तर सालातच गेलेले असतात. काकांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं चुणी मला परत दे मग.

आता २०१६ चा जून. बाजारात तूर हमीभावाच्या कितीतरी वर. दुष्काळ संपवणारा पाऊस पडायला लागलेला. सरकार सांगतंय डाळी लावा, हमीभाव वाढवला, बोनस दिला. जो तो गेल्या वर्षीचा भाव डोळ्यापुढे ठेवून पेरायला लागला, कापूसवाल्यांनी कापूस कमी केला, सोयाबीनवाल्यांनी तुरीच्या ओळी वाढवल्या, काकांनी आयुष्यात पहिल्यांदा दीड एकर नुसती तूर लावली. प्रत्येकाचा हिशोब आपापल्या जागी बरोबर होता, फक्त तो हिशोब लाखो लोकांनी एकाच वेळी केला. देशात तुरीचं क्षेत्र चाळीस लाख हेक्टरच्या आतबाहेर असायचं ते ५३ लाखांवर गेलं. आणि पाऊस साथीला. साडेपंचवीस लाख टनांवरून उत्पादन गेलं पावणेएकोणपन्नास लाख टनांवर. एकट्या महाराष्ट्रात साडेचार लाख टनांवरून वीस लाखांच्या आसपास.

अर्थशास्त्रात याला कॉबवेब म्हणतात, कोळ्याचं जाळं. गेल्या वर्षीच्या भावावर या वर्षीची पेरणी आणि या वर्षीच्या पेरणीवर पुढच्या वर्षीचा भाव, असं आलेखावर काढत गेलं की जाळ्यासारखं दिसतं म्हणून. शेतकऱ्याला अक्कल नाही म्हणून तो या जाळ्यात अडकतो असं शहरात बसून बोलणारे खूप भेटतात. अहो त्याच्याकडे दुसरी माहिती आहे कुठली? बाकीच्यांनी किती पेरलं हे पेरून झाल्यावर कळतं. गेल्या वर्षीचा भाव हाच एक आकडा त्याच्याकडे खात्रीचा असतो, आणि नेमका तोच फसवा.

माल आला जानेवारीत. नोटबंदीला दोन महिने झालेले, बाजारात रोकड नाही. त्यात टंचाईच्या वेळी आधीच सांगून ठेवलेला परदेशी माल बंदरावर उतरतोय, त्या वर्षी जवळपास सात लाख टन तूर बाहेरून आली. आणि डाळींची निर्यात? ती तर २००६ पासून बंद. म्हणजे घरात पूर आलेला, वरून नळ चालू, आणि मोरीला बोळा.

आता साठेबाजीकडे येतो, कारण इथे मला थोडं वेगळं म्हणायचंय. २०१५ ला भाव भडकले तेव्हा सरकारने साठ्यावर मर्यादा घातल्या, धाडी पडल्या, गोदामांना सील लागलं. ज्याने मुद्दाम माल दाबला त्याला दाबायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते आणि लोक ती बाराही महिने खातात. मग जानेवारीची तूर ऑगस्टपर्यंत कुणीतरी ठेवलीच पाहिजे ना. शेतकरी ठेवू शकत नाही, त्याला देणी असतात आणि आख्ख्या तुरीला भुंगा फार लवकर लागतो, आज्जी राखेत घोळून ठेवायची ती घरच्या खाण्यापुरती. म्हणजे ठेवणार मिलवाला आणि व्यापारी. तो सुगीत विकत घेऊन ठेवतो म्हणूनच सुगीत भाव पार कोसळत नाही, आणि पावसाळ्यात बाहेर काढतो म्हणून पावसाळ्यात पार भडकत नाही. साठा आणि साठेबाजी, गोदामात बघितलं तर दोन्हीची पोती सारखीच दिसतात. २०१७ च्या सुगीत साठ्याच्या मर्यादा अजून पुरत्या उठलेल्या नव्हत्या, धाडींची भीती ताजी होती, आणि ज्या माणसाने त्या वेळी शंभर ट्रक घेऊन ठेवायला पाहिजे होते तो दहा घेऊन गप्प बसला. टंचाईत ग्राहकासाठी काढलेलं हत्यार सुगीत शेतकऱ्याला लागलं.

उरली सरकारी खरेदी. हमीभाव म्हणजे काय हे पण लोकांना नीट माहीत नसतं, तो जाहीर झाला म्हणजे मिळतो असं नाही, तो मिळायला कुणीतरी त्या भावाने प्रत्यक्ष घेतलं पाहिजे. डाळींमध्ये ते काम नाफेड (शेतमाल खरेदी करणारी राष्ट्रीय सहकारी संस्था) वगैरे संस्थांच्या वतीने तालुक्यातली केंद्रं करतात. आमच्या जवळच्या केंद्रावर त्या वर्षी मी काकांबरोबर दोन रात्री काढल्या. ट्रॅक्टरची रांग डांबरी रस्त्यापर्यंत. सातबारा, पीकपेरा, आधार, बँकेचं पासबुक, एवढं घेऊन टोकन. तूर चाळणीवर ओततात, ओलावा मोजायचं यंत्र दाण्यात घालतात, बारा टक्क्यांच्या वर गेला तर वाळवून आणा. काकांची पास झाली, पण बारदाना संपला. तूर आहे, काटा आहे, माणूस आहे, पोतं नाही. चार दिवसांनी या म्हणाले. ट्रॅक्टरचं भाडं दिवसावर चढतंय. पलीकडच्या ट्रॅक्टरवरचा एक म्हातारा तुरीवरच घोंगडी टाकून झोपलेला, सकाळी उठून म्हणाला पेरायला आठ दिवस लागले नव्हते. दरम्यान केंद्राच्या गेटबाहेरच एक जण रोख अडतीसशेने घेत होता, आणि तीच तूर मग कुणाच्या तरी सातबाऱ्यावर आत जाते अशी ओरड सगळ्या महाराष्ट्रात होती. खरेदीची मुदत मार्चमधून एप्रिलवर, मग २२ एप्रिलवर गेली आणि तिथे केंद्रं बंद झाली तेव्हा रांगा तशाच होत्या, मग आरडाओरड झाल्यावर पुन्हा थोडी खरेदी. काकांनी निम्मी केंद्रावर घातली, निम्मी गेटबाहेर.

मग सरकार जागं झालं, पण क्रम बघा. पीक जानेवारीत आलं, आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा आली ऑगस्ट २०१७ मध्ये, तुरीची निर्यात खुली झाली सप्टेंबर २०१७ मध्ये. तोपर्यंत शेतकऱ्याच्या घरातला माल गेलेला होता. ज्याने पडत्या भावात घेतला त्याला या निर्णयांचा उपयोग झाला. आणि तिकडे मोझांबिकमधल्या ज्या बिचाऱ्यांनी आपल्या भरवशावर तूर लावली होती त्यांची सुगी ऐन ऑगस्ट-सप्टेंबरची, त्यांचा भाव आपल्या एका अधिसूचनेने कोसळला. सरकारी करारातला माल मर्यादेबाहेर ठेवला होता, पण त्याने किती जणांचं भागणार. औशातला म्हातारा आणि मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतातला कुणी तरी शेतकरी, दोघांना एकाच वर्षी एकाच डाळीने बुडवलं, एकमेकांचं नाव पण माहीत नसताना.

एवढं झाल्यावर कुणी म्हणेल आता शिकले असतील. काही शिकले पण. २०१५ नंतर डाळींचा राखीव साठा करायचं ठरलं, सुरुवात दीड लाख टनांपासून, २०१६ च्या सप्टेंबरात लक्ष्य वीस लाख टनांवर नेलं. कल्पना चांगली आहे, सुगीत घ्यायचं, टंचाईत सोडायचं, म्हणजे व्यापाऱ्याचंच काम सरकारने करायचं, फक्त नफ्यासाठी नाही. गहू-तांदळात हे कित्येक वर्षं चालू आहे म्हणूनच गव्हाचा भाव असा तुरीसारखा नाचत नाही.

पण जाळं परत विणलं गेलंच. काही वर्षं तूर चाळीस-बेचाळीस लाख टनांवर होती. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली केली. मग २०२२-२३ ला पीक ३३ लाख टनांवर आलं, कर्नाटकात कलबुर्गीकडे, जे तुरीचं कोठार, तिथे मर रोगाने रानंच्या रानं वाळली, आपल्याकडे पावसाने घोळ घातला. पुढचं २०२३ तर काय, तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. बाजारात तूर दहा हजारांच्या वर, मधे बारा हजारांपर्यंत. काकांचा फोन, "काय किलोय?" मी म्हटलं एकशेऐंशी. "माझ्याकडं सहा कट्टे झाले" म्हणाले. नेहमीचं नशीब, भाव असतो तेव्हा माल नसतो. पण हे नशीब नाही हेच तर एवढा वेळ सांगतोय, माल नसतो म्हणूनच भाव असतो.

सरकारने परत तेच जुनं कपाट उघडलं. जून २०२३ ला साठ्याची मर्यादा, होलसेलवाल्याला २०० टन आणि किरकोळ दुकानाला ५ टन, सप्टेंबरात होलसेलची आणखी कमी करून ५० टन. भारत डाळ म्हणून हरभऱ्याची डाळ साठ रुपयांनी विकली, म्हणजे तुरीवरची मागणी हरभऱ्याकडे वळवायची, आमच्या मेसच्या मावशींनी मसूर घालून केलं तेच देशाच्या पातळीवर. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा शुल्क काढून आत घेतला, कॅनडा-रशियाचा स्वस्त माल. त्या वेळी मोझांबिकमध्ये निर्यातदारांच्या आपसातल्या भांडणात आपल्यासाठी निघालेली तूर तिथल्या 'नाकाला' नावाच्या बंदरात अडकून पडली होती, परक्याच्या जिवावर डाळ शिजवायची म्हणजे असं असतं. तरी २०२४-२५ मध्ये सगळ्या डाळी मिळून आयात ७३ लाख टनांच्या आसपास गेली, त्यात तूर बारा लाखांच्या आसपास. आणि वरून देशातलं पीक जरा सुधारलं.

पुढे काय झालं असेल ते आता तुम्हीच सांगाल. २०२५ च्या सुगीत हमीभाव ७,५५० आणि बाजार त्याच्या खाली, पुढे पुढे तर साडेसहा हजारांच्या आसपास. शुल्कमुक्त आयातीची मुदत त्याच वर्षात मार्च २०२६ पर्यंत वाढवली. वाटाण्यावर ३० टक्के शुल्क लागलं ते १ नोव्हेंबर २०२५ पासून, गोदामं भरल्यावर. ऑक्टोबर २०२५ मध्ये डाळींसाठी ११,४४० कोटींचं सहा वर्षांचं मिशन जाहीर झालं, २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टन डाळी पिकवायच्या आणि चार वर्षं तूर, उडीद, मसूर नोंदणी केलेल्या शेतकऱ्याकडून आणेल तेवढी घ्यायची. कागदावर हे बरोबर जागी बोट ठेवतं, कारण पेरताना शेतकऱ्याला गेल्या वर्षीच्या भावाऐवजी पुढच्या वर्षीचा भाव हातात मिळाला तर जाळ्याचा धागाच तुटतो. फक्त आणेल तेवढी घ्यायची तर आणेल तेवढी पोती पण लागतील, आणि आयातीचा नळ कधी चालू, कधी बंद हे जूनच्या आधी सांगावं लागेल, जानेवारीनंतर नाही. माझा अनुभव तरी असा आहे की ग्राहक ओरडला की आठवड्यात निर्णय होतो, शेतकरी ओरडला की हंगाम संपल्यावर. शहरात डाळ महागली की टीव्हीवर बातमी, आमच्याकडे तूर पडली की आतल्या पानावर चौकट.

परवा काकांना विचारलं येत्या जूनला काय करणार. तुरीच्या ओळी कमी करणार म्हणाले, सगळ्या वाटेकऱ्यांचं, शेजाऱ्यांचं तेच चाललंय, साडेसहाने कोण लावतंय. मी म्हटलं काका सगळेच कमी करणार असतील तर तुम्ही वाढवा. थोडा वेळ फोनवर काहीच नाही. मग म्हणाले, "आन् आयात केली तर?" यावर माझ्याकडे काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, तिकडं डाळ काय किलोय.